माहेरच्या नावाचा कागद

मी नोकरीत नक्की काय करतो, हे आमच्या घरमालकीणबाईंना समजावून सांगायचा प्रयत्न मी एकदाच केला आणि त्याची शिक्षा माण गावात राहिलो तोवर भोगली.

"काकू, समजा अमेरिकेत एक माणूस एका दवाखान्यात गेला. तिथं त्याचं रक्त तपासलं. मग तो दुसऱ्या दवाखान्यात गेला. तर पहिल्या दवाखान्यातला कागद आपोआप दुसऱ्या दवाखान्यात पोचला पाहिजे. ते आम्ही करतो."

काकू लसूण सोलत होत्या. त्यांनी हातातली पाकळी पुरी सोलली आणि म्हणाल्या, "म्हंजी पोस्टमन."

"नाही, म्हणजे कॉम्प्युटरवरून..."

"आन् त्यो माणूस सोता घिऊन जात न्हाई व्हय कागद? हातपाय न्हाईत त्याला?"

माझं चार वर्षांचं इंजिनिअरिंग तिथंच संपलं. त्या दिवसापासून मी त्या घरात पोस्टमन झालो. काका, म्हणजे घरमालक, गच्चीवरच्या माझ्या खोलीकडे तोंड करून ओरडायचे, "ए पोस्टमन, पाणी आलंय, भरून घे!"

मी लातूरकडचा. दोन हजार चारच्या सुमारास हिंजवडीत नोकरी लागली आणि शेजारच्या माणमध्ये या घरात वरची खोली घेतली. काकांची भाताची खाचरं आयटी पार्कात गेली होती, आलेल्या पैशांतून दोन मजले चढले होते आणि त्यांत आमच्यासारखे उपरे भरले होते. काकांचा मुलगा कंपन्यांची गाडी चालवायचा. बापानं जिथं चिखलणी केली, तिथंच तो आम्हाला सोडायला यायचा आणि गेटवर त्यालाच थांबवून ओळखपत्र मागायचे.

अमेरिकेतल्या कुठल्याच दोन दवाखान्यांचं आपसात पटत नाही, यावर आमची पोटं भरत होती. प्रत्येकाची कागद लिहायची तऱ्हा वेगळी. माझ्याकडे काम होतं ओळख पटवायचं. या दवाखान्यातला कागद आणि त्या दवाखान्यातला कागद एकाच माणसाचा की दोघांचा? नाव जुळलं की इतके गुण, जन्मतारीख जुळली की इतके, पत्ता, फोन, सगळ्याला गुण. बेरीज पुरेशी झाली की दोन कागद एका माणसाचे. हे नियम मी लिहायचो. पहिल्याच चाचणीत माझ्या नियमांनी एका आजोबांना आणि त्यांच्या नातीला एक करून टाकलं. आडनाव एक, घर एक, फोन एक, नावाचं पहिलं अक्षर एक. ऐंशीच्या घरातल्या गृहस्थांना सहावा महिना लागला. नशिबानं ती खरी माणसं नव्हती, चाचणीपुरती रचलेली होती. आमचा टीम लीड सगळ्यांदेखत म्हणाला, "अरे, निदान त्यांना डोहाळे काय लागलेत ते तरी विचार."

घरात हा किस्सा मी वहिनीला सांगितला होता. वहिनी म्हणजे काकांची सून. माले तिचं माहेर, पौडच्याही पुढे. माझ्या आधी वर्षभर ती लग्न होऊन या घरात आली होती, त्यामुळे आम्ही दोघंही तिथं नवीन, असं तिचं म्हणणं. मी संध्याकाळी जिना चढताना ती विचारायची, "पोस्टमन भावजी, माझं काही टपाल?" मी म्हणायचो, "निघालंय अमेरिकेहून, वाटेत आहे." रोज तेच विचारायचं, रोज तेच सांगायचं, आणि रोज दोघांनी हसायचं. आजोबांच्या किश्श्यावर मात्र ती इतकी हसली की काकू आतून बाहेर आल्या. तेव्हा तिलाही दिवस होते.

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात काकूंनी ओटी भरली, अर्धं गाव जेवलं, मी पुरणपोळ्या किती खाल्ल्या हे काकू पुढे वर्षभर लोकांना सांगत होत्या. मग मुलाच्या गाडीतून तिला मालेला पोचवलं.

आता जे सांगतो ते मला फार पुढे कळलं. माणमधल्या डॉक्टरांनी आधीच तिचं रक्त तपासलं होतं. रक्तगट निगेटिव्ह निघाला. कार्डावर तसं लिहून त्यांनी नवऱ्याला बजावलं होतं, की बाळाचं रक्त पॉझिटिव्ह असलं तर बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत बाईला एक इंजेक्शन द्यावं लागतं, ते तिकडच्या डॉक्टरांना सांगा, हे कार्ड दाखवा. नवऱ्यानं कार्ड बॅगेत ठेवलं. काकूंनी ते काढलं. भरल्या ओटीच्या पोरीच्या सामानात, नारळ-तांदळाशेजारी दवाखान्याचा कागद? चांगल्या कामाला निघालेल्या बाईसोबत दुखण्याचा कागद कुणी देतं का? त्यांनी तो नीट घडी करून घरात जपून ठेवला. पौडच्या छोट्या प्रसूतिगृहात तिच्या आईला विचारलं, रक्त वगैरे तपासलंय का? आई म्हणाली, सासरी सगळं तपासलंय. तेही खरंच होतं. इकडच्यांना वाटलं, इंजेक्शन तिकडचे देतील. तिकडच्यांना वाटलं, द्यायचं असतं तर इकडच्यांनी लिहून पाठवलं असतं. मुलगी झाली, गुटगुटीत. जिलेब्या वाटल्या. कुणालाही काही चुकल्यासारखं वाटावं असं काहीच झालं नाही.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस गेले. गावातले पहिले डॉक्टर दवाखाना हलवून गेले होते, नव्या डॉक्टरांनी रक्त पाहून विचारलं, मागच्या वेळी इंजेक्शन घेतलं होतं ना? काकू म्हणाल्या, "तितल्या डॉक्टरनं दिलंच असंल की." सातव्या महिन्याच्या सुरुवातीला सोनोग्राफीत बाळाच्या अंगात पाणी दिसलं आणि त्यांनी तातडीनं पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं.

मी त्या दिवशी सुट्टी काढून, काकांना घेऊन, मोटरसायकलनं सोबत गेलो होतो. पुण्याची, इंग्रजीची, मोठ्या दवाखान्यातल्या खिडक्यांची मला सवय आहे, असा माझा तोरा होता. तिथं पहिली अर्धी सकाळ मी सगळ्यांना रक्तपेढीच्या रांगेत उभं ठेवलं, ती केसपेपरची रांग समजून.

डॉक्टर बाई होत्या, बोलायला सरळ. म्हणाल्या, आईच्या शरीराला पहिल्या बाळाचं रक्त परकं वाटलं असणार. शरीर ते लक्षात ठेवतं आणि पुढच्या बाळावर तुटून पडतं. या बाळाच्या अंगातलं रक्त आटत चाललंय. पोटात असतानाच त्याला रक्त देऊन बघू. जगेल असं सांगत नाही, जगणार नाही असंही सांगत नाही. तिचं रक्त तपासायला गेलंय, पण पहिल्या बाळंतपणाचे कागद आणा. तेव्हा इंजेक्शन दिलं का, हिला रक्त चढवलं होतं का, मला कळायला हवं.

नवरा हलूच शकत नव्हता, सह्या त्याच्या लागणार होत्या. मी म्हणालो, "मी आणतो. हे माझंच काम आहे." आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. कागद आला की उपाय निघणार, असं त्यांना वाटलं. त्यांना कशाला बोलू, मलाही वाटलं. माझा धंदाच त्या श्रद्धेवर उभा होता.

काका माझ्या मोटरसायकलवर मागे बसले. चांदणी चौक, भूगाव, बिल्डरांच्या पाट्यांवरची हसरी कुटुंबं, पिरंगुटचा चढ. मी गाडी जपून चालवतो. पिरंगुटला काका म्हणाले, "पोस्टमन, मी चालत निघालो असतो तर आतापतूर कागद घिऊन म्हागारी फिरलो असतो."

पौडच्या प्रसूतिगृहात एक वयस्क सिस्टर होत्या. काकांनी सुनेचं नाव सांगितलं, मुलाचं नाव, आडनाव. सिस्टरांनी अडीच वर्षांपूर्वीच्या श्रावणातल्या नोंदी पाहिल्या.

"या नावाची कुणी बाळंत झालेली नाही."

"नीट बघा ना," मी म्हणालो. "मुलगी झाली होती."

"तुम्ही नवरा का?"

"नाही. मी भाडेकरू."

"भाडेकरू." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाईचं बाळंतपण, आणि कागद न्यायला भाडेकरू. आणि हे कोण?"

"सासरा हाय मी तिचा."

"मग माहेरचं नाव सांगा, आजोबा. माहेरी आलेली पोर आम्ही माहेरच्या नावानंच लिहितो. आईनं आणलेली असते. आई काय सासरचं नाव सांगत बसणार?"

काका बाळांचं वजन करायच्या काट्याकडे बघायला लागले. व्याह्यांचं आडनाव त्यांनी सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, त्या आडनावाचं अर्धं गाव आहे मालेला, पहिलं नाव सांगा.

"आता... पत्रिकेत छापलेलं व्हतं," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जणू मीच आरोप केला होता अशा आवाजात, "आमच्यात सुनंचं नाव बदलत्यात. तांदळात नवं नाव लिव्हलं की जुनं घ्यायचं न्हाई. मग ध्यानात कशाला ठिवायचं?"

मला हे माहीत नव्हतं असं थोडंच? माझ्या आईचंही बदललेलं आहे. मामा तिला जुन्या नावानं हाक मारायचा तेव्हा लहानपणी मी दचकायचो, ही कुणाला ओ देतेय? पण मी जे नियम लिहीत होतो त्यात लग्नाआधीचं आडनाव एवढाच रकाना होता. तिकडे तेवढंच बदलतं. इथं नाव वेगळं, मधलं नाव वेगळं, आडनाव वेगळं, गाव वेगळं. फोन तिचा स्वतःचा नव्हताच. जन्मतारीख विचारली तर काका म्हणाले, आखाडातली हाय म्हणत्यात. माझ्या यंत्राला विचारलं असतं तर त्यानं शपथेवर सांगितलं असतं, की या दोन बायकांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही.

मुलाला फोन लावला, त्याचा बंद. काकूंना लावला. त्या म्हणाल्या, "असल्या टायमाला जुनं नाव काढू नगा, आदीच साडेसाती हाय," आणि फोन ठेवला.

"मालेला जाऊ या," मी म्हणालो.

"नगं. व्याही घाबरत्याल."

"काका, घाबरू देत."

मालेला वहिनीची आई अंगणात भांडी घासत होती. व्याही भाडेकरूच्या मोटरसायकलवरून उतरताना दिसले, तशी ती राखेच्या हातांनीच उभी राहिली. रामराम नाही, या-बसा नाही. तिनं लेकीचं नाव घेतलं आणि विचारलं, "काय झालं तिला?"

असं ते नाव सापडलं. ते मी इथं लिहीत नाही. सासरचंही लिहिलेलं नाही. काका खाली मान घालून म्हणाले, "व्हय. ह्येच व्हतं."

ती लगेच निघायला लागली. पण गाडी एक आणि आम्ही तिघं, आणि व्याही-विहीण एका मोटरसायकलवर हे मुळशी तालुक्यात अजून घडायचं होतं. ती वडापच्या, सीटा भरल्या की सुटणाऱ्या जीपनं परस्पर पुण्याला निघाली, आम्ही पौडला परतलो.

आता कागद लगेच मिळाला. वीज गेलेली, त्यामुळे झेरॉक्सचं दुकान बंद. सिस्टर म्हणाल्या, मीच उतरवून देते. त्या एकेक ओळ वाचत दुसऱ्या कागदावर लिहीत होत्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो. बाळंतपण नेहमीसारखं. मुलगी, वजन चांगलं. रक्त चढवलेलं नाही. मग त्या थांबल्या. रक्तगटाच्या जागी लिहिलं होतं, सासरी तपासला आहे असे आई सांगते. इंजेक्शनच्या जागी काहीच नव्हतं. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, तेवढी जागा तशीच कोरी उतरवली, खाली सही केली.

"घावला न्हवं?" काका दारातून म्हणाले. चष्मा त्यांनी आणला नव्हता.

"घावला," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी काउंटरवर आपटलो. "मानलं तुला, पोस्टमन!" आयुष्यात माझ्या कामाचं असं मनापासून कौतुक कुणी केलेलं नाही, कंपनीतही नाही, घरीही नाही. पौडपासून चांदणी चौकापर्यंत ते माझ्या कानाशी बोलत राहिले. लई मोठी डॉक्टरीण हाय. आता तिला समदं कळंल. पोरगं असंल तर बघ, पोरगी असंल तरी चालंल आपल्याला. मी हूं हूं करत होतो. एकदा त्यांनी विचारलं, "आता का रं इतकी जोरात चालवतूयास?" मला पत्ता नव्हता.

डॉक्टर बाईंनी कागद वाचला. फार वेळ लागलाच नाही. "रक्त चढवलेलं नाही, हे कळलं, बरं झालं," त्या म्हणाल्या. "तपासणीही तेच सांगतेय." कागद वेळेत पोचला होता, पुरता पोचला होता, बरोबर माणसाचा पोचला होता. आमच्या धंद्यात यालाच यश म्हणतात.

बाळाला पोटातच एकदा रक्त दिलं. त्यानंतर दोनेक दिवस ते तग धरून होतं. वहिनी मला म्हणाली, "भावजी, हलतंय बघा अजून." मी टपालाचं बोलायच्या ऐवजी तिची पाण्याची बाटली भरायला गेलो. मग एका दुपारी ते हलेनासं झालं. मुलगा होता.

एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. कपड्यात गुंडाळलेलं ते बाळ नवऱ्याच्या मांडीवर होतं, गाडी त्याचा मित्र चालवणार होता, आणि आम्ही रुग्णालयाच्या फाटकात उभे होतो, कारण कुठं जायचं ते ठरेना.

मी म्हणालो, "माणला. आपल्या शेतात."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "कुटलं शेत? आमची पोरं ठिवायची जागा वढ्याच्या कडंला व्हती, करंजाखाली. ती गेली की कंपनीच्या कंपाउंडात." मग म्हणाले, "माजी दोन तितंच हायेत. तुमच्या गाड्या लागत्यात ना, त्या अंगाला."

काकांच्या घरात भाड्याच्या खोल्या होत्या, दारात गाड्या होत्या, पण त्या पोरासाठी हातभर माती उरली नव्हती. शेवटी वहिनीचे वडील, जे आल्यापासून भिंतीला टेकून नुसते बसले होते, ते उठले. "आमच्याकडं चला. हाय जागा."

मालेला त्यांच्या शेताच्या वरच्या अंगाला खड्डा घेतला. मी एक टिकाव मारला तो दगडावर बसला आणि दांडा हातातून निसटला. वहिनीचे वडील म्हणाले, "सोडा सायेब, तुमचं काम न्हाई." मी सोडला. खड्डा व्याह्यांनी खणला, मीठ घातलं, बापानं पोराला खाली ठेवलं. मूठमाती मीही दिली. वर दगड रचले, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

वहिनी काही दिवसांनी घरी आली. मी जिना चढताना ती दाराशी असायची, टपालाचं विचारायची नाही. तिनं विचारावं म्हणून मी उगाच जिन्यावर पाय आपटत चढायचो.

काकू मात्र एका संध्याकाळी गच्चीवर आल्या. गुडघ्यांमुळे त्या कधी वर येत नसत. दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, "त्यो कागद म्या संगं दिला असता, तर?"

नियम, रकाने, गुण, बेरजा, यांवर तासन्‌तास बोलणारा मी. म्हणालो, "नाही काकू. कागदानं काय होतं?"

"पर तुमचं तर कामच त्ये हाय."

"ते अमेरिकेचं, काकू. आपलं वेगळं."

मी खोटं बोलतोय हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं होतं. मग कठड्याला धरत, एकेक पायरी करत त्या खाली गेल्या.

सुट्टी संपवून कामावर गेलो त्या सकाळी मी मोटरसायकल कंपनीच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला लावली. पहारेकरी बिहारचा होता, धावत आला. "सर, अंदर पार्किंग पूरी खाली है!" मी म्हणालो, "राहू दे." दुसऱ्या दिवशीही बाहेरच लावली. तो रोज सांगायचा, मी रोज नाही म्हणायचो, आणि मला वेड लागलंय असं त्यानं ठरवून टाकलं. ओढा कुठून जात असेल याचा अंदाज बांधत मी जेवणाच्या सुट्टीत त्या अंगाला चकरा मारायचो. करंज एकही नव्हता. सिमेंटचे ठोकळे होते, त्यांवर पांढरे पट्टे.

असं बरेच दिवस चाललं. मग एका सकाळी अमेरिकेशी बोलणं होतं, मला उशीर झाला होता आणि बाहेर गाडी लावायला जागा नव्हती. पहारेकऱ्यानं अडसर वर केला. मी गाडी आत घातली.